गाठ विरते, आजार परततो : कर्करोगाच्या मूळपेशींचा दीडशे वर्षांचा शोध

१/ कर्करोगाच्या उपचारांतील एक अनुभव फार जुना आहे. औषध सुरू होते, गाठ आक्रसते, तपासणीत ती दिसेनाशी होते. आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी आजार परततो, बहुधा पूर्वीच्या औषधाला दाद न देता. विरून गेलेल्या गाठीतून नेमके काय मागे उरते, या प्रश्नाचा हा इतिहास.

२/ त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्यकात आहे. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे तत्त्व रुडॉल्फ विर्खो यांनी १८५८ साली रूढ केले. त्यामुळे गाठ ही शरीरात शिरलेली परकी वस्तू न राहता शरीराच्याच एखाद्या पेशीची प्रजा ठरली. मग ती पूर्वज पेशी कोणती?

३/ विर्खो यांचे शिष्य युलिउस कोनहाइम यांनी १८७५ साली मूत्रपिंडातील एका जन्मजात गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत स्नायूंचे पट्टेदार तंतू होते; मूत्रपिंडात ते असण्याचे काहीच कारण नव्हते. गर्भ घडताना काही पेशी वापराविना मागे राहतात आणि पुढे त्यांतूनच गाठ वाढते, असे अनुमान त्यांनी मांडले. ते तपासण्याचे साधन मात्र त्या काळी कोणाकडेच नव्हते.

४/ साधन हाती आले ते प्रयोगशाळेतील उंदरांच्या रूपाने. १९३७ साली जेकब फर्थ आणि मॉर्टन कान यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदराची एकेक पेशी वेगळी करून निरोगी उंदरांना टोचली. त्यांपैकी काही उंदरांना तोच आजार जडला. संपूर्ण रोग उभा करण्यास एक पेशी पुरते, हे सिद्ध झाले. मात्र अशी शक्ती प्रत्येक पेशीत असते की मोजक्या पेशींत, हे अनुत्तरितच राहिले.

५/ पुढचा धागा अनपेक्षितपणे सापडला. १९५३ साली अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत लेरॉय स्टीव्हन्स हे तंबाखू कंपनीच्या पैशातून सिगारेटच्या घटकांच्या चाचण्या करीत होते. '१२९' या वाणाच्या एका उंदराच्या वृषणात त्यांना विचित्र गाठ आढळली : आत केस, हाड, स्नायू अशा नाना ऊतींची सरमिसळ. या वाणाच्या सुमारे १ टक्का नरांत अशी गाठ आपोआप होत असे. स्टीव्हन्स यांनी पुढची अनेक वर्षे तिच्याच अभ्यासाला वाहिली.

६/ अशाच प्रकारच्या गाठीवर लुईस क्लाइनस्मिथ आणि बॅरी पिअर्स यांनी निर्णायक प्रयोग केला (१९६४). त्यांनी १७०० वेळा एकेक पेशी उंदरांत रोवली. ४३ वेळा नवी गाठ उगवली. त्यांतल्या काही गाठींत तब्बल १४ प्रकारच्या प्रौढ ऊती होत्या. म्हणजे घातक पेशीची सारीच संतती घातक नसते. काही वंशज पक्व होतात आणि विभाजन थांबवतात. गाठीतही पिढ्या असतात, हा विचार येथे पक्का झाला.

७/ त्याच सुमारास टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलक किरणोत्साराचा अभ्यास करीत होते. तीव्र किरणांनी अस्थिमज्जा नष्ट झालेल्या उंदरांना त्यांनी निरोगी मज्जेच्या पेशी टोचल्या. काही दिवसांत प्लीहेवर बारीक गाठी उठल्या. प्रत्येक गाठ एकाच पेशीची वसाहत होती. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामामुळे मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, मोजता येणारी गोष्ट झाली.

८/ हीच मोजपट्टी टोरांटोतील रॉबर्ट ब्रूस आणि व्हान डर गाग यांनी १९६३ साली उंदरांच्या लिम्फोमाला लावली. टोचलेल्या १०० कर्कपेशींपैकी जेमतेम १ ते ४ पेशींनीच वसाहत उभारली. याचे दोन अर्थ संभवत होते. एक, सर्व पेशी समान असून प्रत्येकीला यशाची संधीच थोडी असते. दोन, बहुसंख्य पेशी वांझ असून वंश चालवणाऱ्या मोजक्याच असतात. पुढील तीन दशके हा वाद मिटला नाही.

९/ या शोधाची एक काळी बाजूही आहे. १९६१ साली चेस्टर साउदम आणि अलेक्झांडर ब्रुन्श्विग यांनी रुग्णांच्याच गाठीतील पेशी काढून त्यांच्याच त्वचेखाली टोचल्या. दहा लाखांहून अधिक पेशी दिल्यावरच गाठ धरली. विज्ञानाच्या दृष्टीने आकडा मोलाचा, परंतु तो मिळवण्याची रीत आज कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही. याच साउदम यांनी १९६३ साली ब्रुकलिनमधील २२ रुग्णांना, त्या कर्कपेशी आहेत हे न सांगता, जिवंत कर्कपेशी टोचल्या. रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीचा आग्रह अमेरिकेत बळावला, त्यामागे या प्रकरणाचा मोठा वाटा आहे.

१०/ उपचारांचे शास्त्र दरम्यान वेगळ्या गृहीतकावर उभे राहिले. हॉवर्ड स्किपर यांनी दाखवले होते की ल्युकेमियाची एक पेशी उरली तरी उंदीर दगावतो. म्हणून शेवटच्या पेशीपर्यंत मारा करावा. या विचारातून बहुऔषधी केमोथेरपी घडली आणि मुलांच्या ल्युकेमियात तिने असंख्य जीव वाचवले. पण त्या काळची बहुतेक औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवरच अधिक आघात करीत. जी पेशी विभागतच नाही, झोपून राहते, तिचे काय?

११/ १९९४ साली टोरांटोतूनच उत्तराची दिशा मिळाली. जॉन डिक यांच्या गटाने तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत रोवल्या. आजार उभा करणारी पेशी सुमारे २,५०,००० पेशींत एक होती, आणि पृष्ठभागावरील खुणांवरून ती वेगळी काढता येत होती. इतर पेशी कितीही दिल्या तरी रोग होत नसे. संधीचा सिद्धान्त मागे पडला, उतरंडीचा पुढे आला.

१२/ २००३ साली मायकेल क्लार्क यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगात हेच दाखवले : विशिष्ट खुणांच्या शे-दोनशे पेशींतून गाठ उगवली, उरलेल्या हजारो पेशी निष्फळ ठरल्या. पीटर डर्क्स यांनी मेंदूच्या गाठीत तसेच पुरावे दिले. २००५ साली पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून शर्मिला बापट आणि सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगात मूळपेशीसदृश पेशी असल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी एका रुग्णाच्या पोटात साठलेल्या द्रवातील पेशी वाढवल्या होत्या. अंडाशयाच्या कर्करोगातील या विषयावरच्या अगदी आरंभीच्या कामांत त्याची गणना होते.

१३/ औषधाला दाद न देण्याची कारणेही उलगडू लागली. अशा पेशींपैकी अनेक दीर्घकाळ सुप्त राहतात. काहींच्या आवरणावर औषध बाहेर फेकणारे पंप असतात. २००६ साली जेरेमी रिच यांच्या गटाने दाखवले की मेंदूच्या गाठीतील अशा पेशी किरणांनी तुटलेला डीएनए इतरांपेक्षा अधिक तत्परतेने सांधतात. शेतातली हरळी वरवर कापली की रान स्वच्छ दिसते. जमिनीखालच्या गाठी शाबूत असतात.

१४/ मग आक्षेप आला, तोही भक्कम. २००८ साली शॉन मॉरिसन यांच्या गटाने मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाच्या, पेशी आणखी दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या उंदरांत रोवल्या. तेथे जवळजवळ दर चौथी पेशी गाठ निर्माण करू शकली. आधीच्या उंदरांत हे प्रमाण दहा लाखांत एक इतके नगण्य होते. म्हणजे दुर्मीळता काही वेळा पेशीची नसून चाचणीच्या उंदराची असते. साउदम यांच्या दहा लाखांच्या आकड्याकडेही आता वेगळ्या नजरेने पाहणे भाग होते.

१५/ रोपण टाळून, उंदराच्या शरीरात आपसूक वाढणाऱ्या गाठींतच पेशींचा माग काढणारे तीन अभ्यास २०१२ साली आले. मेंदू, त्वचा आणि आतडे, तिन्हीकडे उतरंड आढळली. मेंदूच्या गाठीत तर औषधानंतरची नवी वाढ सुप्त पेशींपासूनच झाली. तरी २०१७ साली आणखी एक वळण आले : मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील मूळपेशी वेचून मारल्या, गाठ आक्रसली, आणि मारा थांबताच सामान्य पेशींनीच ती रिकामी जागा घेतली. निदान या कर्करोगात तरी मूळपेशी असणे ही जन्मजात जात नसून बदलू शकणारी भूमिका आहे.

१६/ या ज्ञानाचा रुग्णाला उपयोग काय? पिअर्स यांनी सुचवले होते की कर्कपेशीला मारण्याऐवजी तिला पक्व करावे. शांघायच्या वांग झेन्यी यांनी एका विशिष्ट ल्युकेमियात रेटिनॉइक आम्ल देऊन ते साध्य केले. २४ रुग्णांवरील त्यांचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. आर्सेनिकच्या जोडीने हा उपचार आज त्या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांना बरे करतो.

१७/ दुसरे उदाहरण अपूर्ण आहे. २००१ साली मान्यता मिळालेल्या इमॅटिनिबने दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया आटोक्यात आणला, पण मज्जेतील सुप्त मूळपेशी त्याने मरत नाहीत. फ्रान्समध्ये किमान दोन वर्षे रोगाचा मागमूस नसलेल्या १०० रुग्णांचे औषध थांबवण्यात आले. २०१० च्या अहवालानुसार वर्षभरानंतरही रोगमुक्त राहण्याचे प्रमाण सुमारे ४१ टक्के होते. बहुतेक उरलेल्यांत आजार परतला आणि औषध पुन्हा सुरू करावे लागले. एकाच औषधानंतर काहींच्या सुप्त पेशी जाग्या होतात आणि काहींच्या का होत नाहीत, कोनहाइम यांच्या प्रश्नाचे आजचे रूप हेच आहे.