ओनामा घरचा, निरोप हॉलमधला



मागच्या वर्षी आमच्या धाकटीची चौथी संपली. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फेब्रुवारीपासूनच चर्चा सुरू झाली होती. हॉल कुठला घ्यायचा, केक किती किलोचा, फोटोसाठी मागे पडदा कसला, मुलांना काळे झगे आणि चौकोनी टोप्या भाड्याने कुठे मिळतील. मुलामागे २,८०० रुपये ठरले. पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते हौसेने घेतलं, खोटं कशाला सांगू?

रोज संध्याकाळी मी ग्रुपवर यादी टाकायची. पैसे आले की नावापुढे हिरवी खूण. ३९ नावांपुढे खूण लागली, एका नावापुढे शेवटपर्यंत लागली नाही. ती मुलगी शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांमधून शाळेत आलेली. त्या कायद्याने तिची फी माफ होते, पण हॉलची वर्गणी कुठल्या कायद्यात बसते? तिची आई सकाळी दोन घरी पोळ्या करते. समारंभाच्या दिवशी मुलीला ताप आल्याचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी मंडईत मायलेकी भेटल्या. मुलगी चांगली खणखणीत होती. तिची आई कसनुसं हसून म्हणाली, "ताई, जमलं नाही बघा. यादीत नाव तसंच राहिलं."

मी कुणाला वाकडा शब्द बोलले नव्हते. पण ती यादी रोज ४० घरांत जात होती आणि ती पाठवणारी मीच होते. हे मनातून जाईना. मग हे झगे, हे हॉल, हा थाट आपल्याकडे आला कुठून, ते वाचत बसले. जे सापडलं ते तुमच्यापुढे मांडते.

आपल्याकडे सोहळा सुरुवातीचा

आचार्य जिनसेनांचं आदिपुराण ९ व्या शतकातलं. त्यात भगवान ऋषभदेवांनी आपल्या मुलींना, ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवल्याची कथा आहे. पाठशाळेत आपण सगळ्यांनी ती ऐकलेली आहे. पण त्याच ग्रंथात गृहस्थाच्या क्रियाही सांगितल्या आहेत, तिकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. मूल पाच वर्षांचं झालं की लिपिसंख्यान, म्हणजे अक्षर आणि अंकांची ओळख. नंतर उपनीती, मग व्रतचर्या. शिकत असताना साधं राहायचं, दागदागिने नाहीत. शिक्षण पुरं झालं की व्रतावतरण. तेव्हा गुरूंची आज्ञा घेऊन वस्त्र आणि अलंकार पुन्हा धारण करायचे. शेवटालाही मान आहेच, पण तो गुरूच्या परवानगीने आणि सगळं शिक्षण संपल्यावर.

मराठी शाळेतही तेच वळण दिसतं. जुन्या पंतोजींच्या शाळेत पोर धुळपाटीवर बोट किंवा काडी फिरवत पहिलं गिरवायचं ते 'ओनामासिधं'. मूळ शब्द 'ॐ नमः सिद्धम्'. सिद्धांना केलेला हा नमस्कार बरेच अभ्यासक जैन परंपरेशी जोडतात. आजही एखाद्या कामाचा 'ओनामा' झाला म्हणताना आपण तेच बोलत असतो. सुरुवातीला आपल्याकडे 'ओनामा' आहे, 'श्रीगणेशा' आहे. शाळा संपण्याला मात्र असा एकही खास शब्द नाही. 'निरोप' आहे, पण तो माणसांनी माणसांना द्यायचा असतो.

पंतोजींना मोबदला मिळायचा तो धान्य, शिधा आणि थोडेफार पैसे असा. पोराला हिशेब आणि मोडी वाचता येऊ लागली की ते दुकानात किंवा शेतात जायचं. शाळा कुठल्या तारखेला संपली हे कुणी लिहून ठेवत नव्हतं.

शेवट अवघड होता तेव्हा

इंग्रजी अमदानीत इयत्ता आल्या, परीक्षा आल्या. सातवीच्या शेवटी व्हर्नाक्युलर फायनल. तुमच्या आजोबांच्या पिढीत 'फायनल पास' हे शब्द गावात किती मानाने घेतले जायचे, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. फायनल झालेला माणूस मास्तर व्हायचा, तलाठी व्हायचा.

तिथवर पोचणारी मुलं मूठभर, आणि मुली त्याहून कमी. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते मोफत आणि सक्तीचं केलं. तोवर गरिबाच्या पोराला चौथी पुरी करणं हेच मोठं होतं.

याच काळात कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कुलात शिकत होता कुंभोजचा एक मुलगा, पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एका पंक्तीला जेवायची. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याच्या वळणात वाढलेल्या. तरी त्यांनी या मुलांना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं. घरात दाणा नव्हता तेव्हा अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या.

शाळेसाठी आईने सोनं मोडलं, असं आपणही ऐकतो आणि डोळे भरून येतात. पण ते सोनं कशाला मोडलं, ते नीट बघायला हवं. दुसऱ्यांची मुलं पंक्तीतून उठू नयेत म्हणून.

झगा कुठून आला

काळा झगा युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांमधला. शिकणारे आणि शिकवणारे बहुतेक धर्मसंस्थेशी बांधलेले, त्यामुळे त्यांच्यासारखाच पायघोळ पोशाख. दगडी इमारतींतल्या थंडीत तो उबेलाही बरा. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी १८९५ साली झगा आणि टोपीचे नियम ठरवले. पुढे तो तिथल्या हायस्कुलात उतरला आणि मग बालवाडीतही.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. १८६२ साली तिथून पहिले बी.ए. झाले ते फक्त चार जण. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्यांतले दोन. अख्ख्या मुंबई इलाख्यात चार! तो झगा आज आपण सीनियर केजीच्या लेकरालाही घालतो. गंमत अशी की देशातली काही विद्यापीठं आता काळा झगा सोडून हातमागाच्या साध्या उपरण्याकडे वळली आहेत.

आणि हॉलमधली पार्टी

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिच्या मुलाची प्राथमिक शाळा संपली तेव्हा वर्गातली काही मुलं लांबलचक लिमोझीन गाड्यांतून पार्टीला आली होती, ११ वर्षांची मुलं! तिथे या पार्टीला 'प्रॉम' म्हणतात. हा शब्द अमेरिकेतला. मूळ 'प्रोमेनाड', म्हणजे मिरवत फेरफटका. १९ व्या शतकाच्या अखेरीस तिकडच्या कॉलेजांत असे नाच होऊ लागले, नंतर ते हायस्कुलात आले. सिनेमांतून आणि मालिकांतून इंग्लंडच्या मुलांनी ते पाहिलं आणि गेल्या २५-३० वर्षांत तिकडेही ती रीत पडली. आधी सोळा वर्षांच्या मुलांसाठी, मग अकरा वर्षांच्या.

इंग्लंडमध्ये ११ व्या वर्षी शाळा का बदलते, हेही वाचलं. १९२६ सालच्या हॅडो समितीच्या अहवालाने प्राथमिक शाळा अकराव्या वर्षी संपावी असं सुचवलं आणि १९४४ च्या कायद्याने ते पक्कं झालं. मग 'इलेव्हन प्लस' परीक्षा आली. निकाल पोस्टाने घरी यायचा. पास झालेलं मूल चांगल्या मानल्या जाणाऱ्या ग्रामर स्कूलमध्ये जायचं आणि कित्येक घरांत त्याला नवी सायकल मिळायची. शेजारच्या घरातलं नापास मूल ती सायकल खिडकीतून बघायचं. हे वाचताना मला माझ्या यादीतल्या हिरव्या खुणा आठवल्या. १९६५ नंतर बहुतेक भागांत ती परीक्षा गेली. मुलांना पास-नापास वेगळं करणारं काही उरलं नाही, तिथे आता गाडी आणि झगझगीत कपडे आले.

मला यातून एवढंच समजलं. शाळा पुरी करणं अवघड होतं तेव्हा समारंभ लहान होता. आता ते सगळ्यांना मिळतं, तर आपण समारंभच इतका मोठा केला की तो सगळ्यांना मिळू नये.

आपल्या लहानपणी

आमच्या गावच्या शाळेत सातवीला निरोप समारंभ व्हायचा. वर्गात फळ्यावर रंगीत खडूने 'सुस्वागतम्'. चिवडा, एक पेढा. एखादी मुलगी भाषणात मध्येच रडायची आणि मग सगळ्याच रडायच्या. जाणाऱ्या वर्गाने शाळेला भेट द्यायची अशी पद्धत. आम्ही भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. प्रत्येकीने जमेल तेवढे पैसे गुरुजींच्या टेबलावरच्या डब्यात टाकले. कुणी किती टाकले, ते मला आजही माहीत नाही.

म्हणजे निरोपाच्या दिवशी मूल देणारं असायचं. हॉलमधल्या पार्टीत ते घेणारं झालं: रिटर्न गिफ्ट, केक, फोटो. आणि आमच्या मुली? कार्यक्रम साडेसातला सुरू झाला. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या तिघी घरून खाऊन आल्या होत्या, त्या रिकाम्या हातांनी बसून राहिल्या. तिथे जी गोष्ट आमच्या मुली करणार नव्हत्या, तिचेही पैसे मी मोजले होते. अपरिग्रहावर प्रवचन ऐकायला मी दर पर्युषणात पहिल्या ओळीत असते, हेही इथे सांगून टाकते.

यंदा

जानेवारीत यंदाच्या चौथीच्या दोन आयांचा फोन आला. "ताई, तुमची ती यादी पाठवा ना, आम्हाला सोपं पडेल." मी म्हटलं, यादी पाठवणार नाही, घरी या. दोघी आल्या. मी मंडईतली गोष्ट सांगितली. एक जण गप्प बसली. दुसरी म्हणाली, "पण मुलांची हौस असते हो."

असते, मान्य आहे. म्हणून हौस ठेवली आणि हॉल सोडला. कार्यक्रम शाळेच्याच पटांगणात, सकाळी दहाला. प्रत्येकाने घरून एक डबा आणायचा. वर्गणी एका बंद डब्यात, नाव नाही, आकडा नाही. त्यातून शाळेच्या वाचनालयाला पुस्तकं. झगे मात्र राहिलेच. त्यावर त्या ऐकेनात, आणि मीही फार ताणलं नाही. जमा झालेल्या पैशांतूनच सगळ्यांसाठी आणले.

मागच्या वर्षीचा फोटो आमच्या कपाटावर आहे. ३९ मुलं, ३९ टोप्या. धाकटी परवा तो पुसत होती. म्हणाली, "आई, हिच्याशेजारी ती उभी राहणार होती. आमचं ठरलं होतं."

मैत्रिणींनो, मार्च जवळ आला आहे. तुमच्या ग्रुपवर यादी फिरत असेल तर आज एकदा खालपर्यंत वाचा. कुठल्या नावापुढे खूण नाही, तेवढं बघा. आणि ती यादी तुम्हीच टाकत असाल, तर थांबवा.