इंग्रजीचा तास : व्याकरण, शब्द आणि कथा

कळंब : 'इंग्रजीत राहिला' एवढ्या दोन शब्दांत मराठवाड्यातील कितीतरी मुलामुलींच्या शिक्षणाची पुढची हकीकत सांगितली जाते. बारावीला इंग्रजी हा विषय सक्तीचा असल्याने अन्य विषयांत चांगले गुण मिळूनही या एका विषयापायी विद्यार्थ्याची वाट अडते. मांजरा नदीकाठच्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावात तासाबाहेर इंग्रजी कानावर पडण्याचे प्रसंग थोडेच. त्यामुळे वर्गातील तासाचे मोल येथे शहरापेक्षा अधिक आहे. या तासाला व्याकरण, शब्दसंग्रह आणि नामवंत लेखकांच्या कथा शिकवल्या जातात. या तिन्हींचा परस्परांशी संबंध काय, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

आजचा धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील सरकारी शाळांत उर्दूला प्राधान्य होते. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाई, मात्र इंग्रजी ही भाषा म्हणून शिकावी लागे. मराठी घरातील मुलाला अशा रीतीने घरी एक, शाळेत दुसरी आणि इंग्रजीच्या तासाला तिसरी भाषा सांभाळावी लागत होती. मुंबई इलाख्यातील मुले तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोकत होती, त्या काळातील ही स्थिती होय.

१९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९५८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी दीर्घकाळ पाचवीपासून शिकवले जाई. जून २००० पासून ते पहिलीपासून सुरू झाले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशीत पोहोचली आहेत. इंग्रजीची ओळख लवकर झाली, हे खरे. पण ओळख म्हणजे अवगत होणे नव्हे, याचा प्रत्यय बारावीच्या वर्गात येतो.

व्याकरण : अडते कोठे?

इंग्रजी व्याकरण अवघड वाटते याचे कारण बहुधा मराठीच्या घडणीत सापडते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याच्या लगेच मागोमाग येते. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या नंतर जोडले जाते, इंग्रजीत ते नामाच्या आधी उभे राहते. 'ए', 'अ‍ॅन', 'द' या उपपदांना मराठीत थेट प्रतिशब्द नाही. म्हणूनच ती गाळणे वा नको तेथे घालणे, ही चूक हुशार विद्यार्थ्याच्या हातूनही होते.

प्रयोगाच्या बाबतीत होणारा घोटाळा तर नेहमीचाच. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने चिंच खाल्ली' ही वाक्ये मराठी व्याकरणानुसार कर्मणी प्रयोगाची आहेत, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत मात्र दोन्ही वाक्यांत 'एट' हेच रूप राहते आणि ती वाक्ये 'अ‍ॅक्टिव्ह व्हॉइस'ची ठरतात. 'पॅसिव्ह'च्या जवळ जाणारे मराठी वाक्य म्हणजे 'रामाकडून आंबा खाल्ला गेला'. 'कर्मणी म्हणजे पॅसिव्ह' असे समीकरण पाठ केलेला विद्यार्थी येथे हमखास फसतो.

अप्रत्यक्ष कथनाचेही तसेच आहे. 'तो म्हणाला, की मी उद्या येईन' हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे राहतात. इंग्रजीत मात्र 'मी'चा 'तो' होतो, क्रियापद भूतकाळाकडे सरकते आणि 'उद्या'च्या जागी 'दुसऱ्या दिवशी' येते. 'अ‍ॅज सून अ‍ॅज'चे 'नो सूनर' करताना कर्त्याच्या आधी 'डिड' किंवा 'हॅड' आणि पुढे 'दॅन' घालावे लागते. हे नियम मोजकेच आहेत. दोन भाषांतील फरक फळ्यावर शेजारी शेजारी मांडले, तर ते घोकावे लागत नाहीत, समजतात.

शब्दसंग्रह

शब्द पाठ करण्याची जुनी रीत म्हणजे रोज दहा शब्द, त्यांचे स्पेलिंग आणि अर्थ. ती टाकाऊ नाही, परंतु अपुरी आहे. सुटा शब्द लवकर विसरतो. वाक्यात भेटलेला शब्द टिकतो. शिवाय एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी अर्थ, ही समजूत घातक ठरते. 'स्टँड' म्हटले की बसस्थानक डोळ्यांसमोर येणाऱ्या विद्यार्थ्याला उभे राहणे, सहन करणे आणि भूमिका घेणे हे त्याच शब्दाचे अर्थ वाक्यातूनच उमगतात. शब्दकोश हाताशी असावा, पण तो उघडण्यापूर्वी मागील-पुढील वाक्यांवरून अर्थाचा अंदाज बांधावा. चुकलेला अंदाजही स्मरणाला मदत करतो.

मराठी आणि इंग्रजीचा कोशव्यवहार जुना आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये, तर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. आज आपण मराठीत वापरतो ती स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह आदी विरामचिन्हेही इंग्रजीच्या संपर्कातूनच आली.

तीन कथा

२०२०-२१ या शैक्षणिक वर्षापासून लागू झालेल्या बारावीच्या 'इंग्लिश युवकभारती'त तीन नामवंत लेखकांच्या कथा आहेत. आर. के. नारायण यांची 'अ‍ॅन अ‍ॅस्ट्रॉलॉजर्स डे', ओ. हेन्री यांची 'द कॉप अँड द अँथम' आणि व्हर्जिनिया वूल्फ यांची 'द न्यू ड्रेस'. ८० गुणांच्या लेखी परीक्षेत उताऱ्याखाली आकलन, व्याकरण आणि शब्दसंग्रह या तिन्हींवर कृती विचारल्या जातात.

नारायण यांचा ज्योतिषी एका झाडाखाली कवड्या आणि अगम्य तक्ते मांडून बसतो. त्याला ज्योतिष येत नाही. माणसे मात्र वाचता येतात. एका रात्री ज्याला आपण पूर्वी भोसकून विहिरीत टाकले, तोच माणूस गिऱ्हाईक म्हणून समोर येतो. आठवडी बाजार पाहिलेल्या मुलांना हा देखावा परका नाही. ठरलेल्या रुपयाऐवजी साडेबारा आणेच हाती पडल्याचे त्या ज्योतिष्याला घरी गेल्यावर कळते. रुपयाचे सोळा आणे असत, हे आजच्या मुलांना सांगावे लागते; ते सांगितले की फसवणुकीचा हिशेब त्यांना चटकन कळतो.

ओ. हेन्री यांची कथा १९०४ मधील आहे. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून न्यूयॉर्कमधील बेघर सोपी तुरुंगात जाण्यासाठी नाना गुन्हे करून पाहतो. कोणी पकडत नाही. अखेर चर्चमधील संगीत ऐकून सुधारण्याचा निश्चय करतो, तेव्हाच पोलिस त्याला पकडतो. वूल्फ यांची १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेली कथा सर्वांत अवघड. तीत घटना जवळजवळ नाही. पिवळा पोशाख घालून मेजवानीला गेलेली मेबल आपल्याला सगळे हसत असतील, या विचाराने कुढत राहते. वाक्ये लांब, विचार एकातून दुसऱ्यात वाहणारे. पण कपड्यांवरून आलेला न्यूनगंड खेड्यातून कॉलेजात आलेल्या मुलीला समजावून सांगण्याची गरज नसते.

व्याकरणाचा सराव याच कथांवर होऊ शकतो. ज्योतिषी आणि गिऱ्हाईक यांच्या संवादावर अप्रत्यक्ष कथन, सोपीच्या फसलेल्या प्रयत्नांवर 'दो' आणि 'बट'ची वाक्ये, मेबलच्या मनातील भासांवर 'अ‍ॅज इफ'ची रचना. वेगळी वाक्ये शोधण्याची गरज उरत नाही.

गाइडचा प्रश्न

अडचण अशी, की मूळ कथा न वाचताच तिचा सारांश आणि तयार उत्तरे पाठ करण्याची सवय राज्यभर रुजली आहे. उत्तीर्ण होण्यापुरते गुण तेवढ्यावर मिळतातही. तोटा पुढे जाणवतो. न पाहिलेला उतारा समोर आला, मुलाखतीत दोन वाक्ये बोलायची वेळ आली किंवा पदवीला इंग्रजीतील ग्रंथ हाती पडला, की पाठांतर साथ सोडते. शहरातील विद्यार्थ्याला ही उणीव भरून काढण्याच्या अन्य वाटा असतात. कळंबच्या विद्यार्थ्याकडे प्रामुख्याने तो एक तास असतो.

अभ्यासासाठी काही सूचना

- प्रथम कथा सलग वाचावी. अडलेल्या शब्दांवर थांबू नये.
- दुसऱ्या वाचनात केवळ महत्त्वाचे शब्द वहीत त्यांच्या वाक्यासह उतरवावेत.
- कथा आधी मराठीत तोंडी सांगावी, मग पाच सोप्या इंग्रजी वाक्यांत लिहावी.
- एका आठवड्यात व्याकरणाचा एकच नियम घ्यावा आणि त्याची उदाहरणे कथेतच शोधावीत.
- चुकलेली वाक्ये खोडू नयेत. शेजारी दुरुस्त वाक्य लिहावे.
- गाइड उघडायचेच असेल, तर स्वतःचे उत्तर लिहून झाल्यावर, पडताळण्यासाठी.

या साऱ्यास खर्च नाही. वेळ आणि वाचून दाखवणारा शिक्षक मात्र हवा. ज्या वर्गात ज्योतिष्याची कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली जाते, तेथे 'पुढे काय झाले, सर?' असा प्रश्न येतो. तो मराठीत आला तरी चालेल. इंग्रजीच्या अभ्यासाची सुरुवात त्या प्रश्नापासूनच होते.