ॲडेनॉइड वृद्धी आणि घशातील आम्लप्रतिवाह

ॲडेनॉइड वृद्धी म्हणजे नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात असणाऱ्या लसिकाभ ऊतीची अवाजवी वाढ होय. जठरातील आम्ल व पेप्सिन अन्ननलिका ओलांडून घशापर्यंत येणे यास घशातील आम्लप्रतिवाह म्हणतात. काही बालकांत हे दोन्ही विकार एकत्र आढळतात. मात्र त्यांतील कार्यकारणसंबंध निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही.

ओळख व लक्षणे

डेन्मार्कचे वैद्य विल्हेल्म मायर यांनी १८६८ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. ॲडेनॉइड साधारणतः ३ ते ७ या वयात ठळक असते व किशोरवयात आक्रसते. टॉन्सिलप्रमाणे ते तोंड उघडल्यावर दिसत नाही, त्यामुळे दुखणे उशिरा ध्यानात येते. मूल तोंडाने श्वास घेते, झोपेत घोरते. नाकाची वाट बंद झाल्याने अनुनासिक वर्ण बिघडतात: 'मामा'चा उच्चार 'बाबा'सारखा, तर 'नाना'चा 'दादा'सारखा ऐकू येतो. मध्यकर्णात द्रव साचल्यास ऐकू कमी येते. अशा विद्यार्थ्याला वर्गात 'लक्ष नसलेला' ठरवले जाते, हा अन्यायच होय.

प्रतिवाहात वारंवार खाकरणे, कोरडा खोकला व आवाज बसणे ही लक्षणे दिसतात. छातीत जळजळ असेलच असे नाही.

परस्परसंबंध

आम्ल व पेप्सिन यांच्या स्पर्शाने घशाच्या अस्तराचा दाह होतो, त्यातून ॲडेनॉइड सुजत असावे, असे एक मत आहे. काही बालकांच्या ॲडेनॉइडमध्ये व मध्यकर्णातील द्रवात पेप्सिन आढळले आहे. उलट दिशेचाही विचार मांडला जातो. श्वासमार्ग अरुंद असल्यास मूल जोराने श्वास ओढते, छातीतील दाब घटतो आणि जठरातील द्रव वर खेचला जातो. तेव्हा कोणता विकार आधीचा, हे प्रत्येक रुग्णात सांगता येत नाही.

निदान व उपचार

बाजूने काढलेली क्ष-किरण प्रतिमा किंवा नाकातून केलेली दुर्बीण तपासणी यांवरून वाढ कळते. नाकात फवारण्याची स्टेरॉइड औषधे काहींना उपयोगी पडतात. श्वासरोध किंवा बहिरेपणा टिकून राहिल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. केवळ खोकला किंवा बसलेला आवाज यांवरून आम्लनिरोधक औषधे दीर्घकाळ देऊ नयेत, असाच तज्ज्ञांचा कल आहे.

वऱ्हाडातील संदर्भ

अकोल्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (२००२) व अमरावतीतील डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय (१९८४) या भागात आहेत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा व अंगणवाड्यांतील तपासणीत मध्यकर्णदाहाचा समावेश आहे. धुळीच्या ॲलर्जीनेही नाक चोंदते, म्हणून प्रत्येक चोंदलेले नाक ॲडेनॉइडमुळेच असते असे नाही. शेतातून परतल्यावर उशिरा जेवून लगेच झोपण्याची सवय प्रतिवाहाला पोषक ठरते. जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे. वरुड-मोर्शीच्या संत्र्यांवर मात्र सरसकट बंदी घालण्याचे कारण नाही. संत्रे खाल्ल्यावर त्या मुलाचा त्रास खरोखर वाढत असेल तरच ते टाळावे.