बापाचा हक्क आणि सरकारचे पितृत्व

आईबापांच्या हातून मूल काढून घेण्याचा अधिकार राज्यसत्तेला कोठून प्राप्त होतो? अमेरिकेतील न्यायालयांनी या प्रश्नाला दिलेली दोन परस्परविरोधी उत्तरे आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिले उत्तर पेनसिल्वेनिया राज्यातले, १८३८-३९ च्या सुमाराचे. मेरी ॲन क्राउझ ही मुलगी आपल्याला आवरत नाही, अशी तक्रार खुद्द तिच्या आईनेच केली आणि दंडाधिकाऱ्याने मुलीची रवानगी फिलाडेल्फियाच्या आश्रयगृहात केली. ज्यूरीपुढे चौकशी अशी झालीच नाही. तिच्या सुटकेसाठी बाप न्यायालयात गेला, तेव्हा न्यायमूर्तींनी सांगितले की, हे घर तुरुंग नसून शाळा आहे; बापाचा हक्क नैसर्गिक खरा, पण तो कधीच काढून घेता येणार नाही असा नव्हे; आईबाप असमर्थ वा अपात्र ठरल्यास समाजच मुलांचा पालक होतो. 'मायबाप सरकार' हे आपल्याकडे विनवणीचे शब्द. तेथे त्यांचा कायदा झाला.

दुसरे उत्तर १८७० चे, इलिनॉय राज्यातले. तेथे भटक्या, निराधार किंवा आळसात व अज्ञानात वाढणाऱ्या ६ ते १६ वर्षांच्या मुलास शिकागोच्या सुधारशाळेत धाडता येई. डॅनियल ओकॉनेल या मुलाला असेच तेथे डांबले गेले. त्याच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा आरोप नव्हता. बाप मायकेल याने दाद मागितली. न्यायमूर्ती थॉर्नटन यांनी विचारले, योग्य संगोपन म्हणजे काय? चांगल्यातल्या चांगल्या आईबापांचेही त्यावर एकमत होणार नाही. पालकांचे घोर गैरवर्तन वा जवळजवळ पूर्ण अपात्रता स्पष्टपणे सिद्ध झाल्यावाचून त्यांच्या हक्काला हात लावता येणार नाही, असे म्हणून त्यांनी मुलाला मोकळे केले.

आमचे मन थॉर्नटन यांच्याकडे झुकते. गरिबाचे घर बाहेरून पाहणाऱ्याला ते नेहमीच आळशी दिसते. परंतु चारच वर्षांनी, १८७४ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये मेरी एलनचे प्रकरण उभे राहिले आणि तेथे दार न उघडणे हेच पाप ठरले असते. सुमारे १० वर्षांची ही पोर रोज मार खात होती. चेहऱ्यावर कात्रीची जखम होती. एटा व्हीलर या समाजसेविकेने दारोदार फिरून साक्षी गोळा केल्या. न्यायमूर्ती लॉरेन्स यांनी मुलीला त्या घरातून काढले. सांभाळणाऱ्या बाईला एक वर्षाची सजा झाली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, मुलीला त्या घरी सोपविले होते शहराच्या धर्मादाय खात्यानेच! खात्याने मागे वळून नीट पाहिलेच नव्हते.

पुढे १८९९ मध्ये, ज्या परगण्याने डॅनियलला डांबले होते त्याच परगण्यात बालकांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले. आपल्या देशातील २०१५ चा बालन्याय कायदा संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानतो.

मेरी एलनलाही प्रथम संस्थेतच ठेवले गेले. व्हीलरबाईंना ते रुचले नाही. त्यांनी खटपट करून तिला आपल्या आईकडे आणि पुढे बहिणीकडे नेले. मेरी एलन तेथे वाढली, संसारी झाली. आपल्या एका मुलीचे नाव तिने एटा ठेवले.