हजार डायोड, एकच वाट

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच चुकीपासून. मागे एकदा मी बोलून गेलो होतो, "हजार लेझर पॉइंटर एकत्र बांधा, स्टील कापलं जाईल." लगेच एका श्रोत्याचा मेसेज आला, "दादा, मग हजार उदबत्त्या पेटवून वेल्डिंग होईल का?" हसू आलं, पण उत्तर येईना. मग वाचायला बसलो.

गोष्ट सुरू होते १९६२ मध्ये. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हॉल आणि सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडचा डायोड लेझर चालवला. पण तो द्रव नायट्रोजनच्या थंडीत ठेवावा लागे, आणि वीजही क्षणभरच देता येई. साध्या खोलीत सतत चालणारा डायोड यायला १९७० उजाडलं. लेनिनग्राडमध्ये अल्फेरोव्ह यांचा गट आणि अमेरिकेत बेल लॅब्जचे हायाशी व पॅनिश, दोघांनीही ते साधलं. अल्फेरोव्ह यांना पुढे २००० साली नोबेल मिळालं.

डायोडची खासियत काय? दिलेल्या विजेपैकी जवळपास निम्मी तो प्रकाशात बदलतो. कारखान्यातला जुना कार्बन डायऑक्साइड लेझर साधारण दहा टक्क्यांवरच अडकतो. मग एका सेंटीमीटरच्या पट्टीवर डझनावारी डायोड बसवले, पट्ट्यांवर पट्ट्या रचल्या, आणि किलोवॅट मिळाले!

पण इथेच मी फसलो होतो. शेजारी शेजारी ठेवलेले किरण शक्ती वाढवतात, धार नाही. प्रत्येक किरण आपली जागा अडवतो, त्यामुळे भिंगाने कितीही गोळा केले तरी ठिपका मोठाच राहतो. असा ठिपका धातूचा पृष्ठभाग कडक करायला किंवा प्लास्टिक जोडायला चालतो. जाड पत्रा सफाईने कापायला नाही. म्हणून कितीतरी डायोड पडद्यामागे गेले: फायबर लेझरला प्रकाश पुरवायचा, आणि नाव मात्र फायबरचं!

दोन किरण एकावर एक ठेवायची एक युक्ती होतीच: एकाचं ध्रुवीकरण उभं, दुसऱ्याचं आडवं. पण मामला दोनवरच संपतो. तिसऱ्याला जागा नाही.

खरी वाट एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतल्या कामातून मोकळी झाली. जुनी सीडी उन्हात धरली की रंग वेगवेगळ्या दिशांना फाकतात ना? बारीक रेघांची ही करामत उलटी चालवायची. वेगवेगळ्या कोनांतून किंचित वेगळ्या तरंगलांबीचे किरण रेघांच्या ग्रेटिंगवर सोडा, ते एकाच वाटेने बाहेर पडतात. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढेच आहे. वाटेच्या टोकाला अर्धवट परावर्तन करणारा आरसा लावला की थोडा प्रकाश मागे फिरतो, आणि ग्रेटिंग प्रत्येक डायोडला त्याच्या कोनाला जुळणारीच तरंगलांबी परत देतं. डायोड तिच्यावरच स्थिरावतो. एकेकाला वेगळं जुळवत बसायला नको!

२००९ मध्ये याच कामातून टेराडायोड ही कंपनी निघाली. स्टील कापणारे किलोवॅटचे डायोड लेझर तिने बाजारात आणले. २०१७ मध्ये पॅनासॉनिकने ती विकत घेतली.

तर त्या श्रोत्याला माझं उत्तर: नाही रे, हजार उदबत्त्यांनी वेल्डिंग होणार नाही. आणि नुसते हजार पॉइंटर बांधून स्टीलही कापलं जाणार नाही. एकत्र येणं पुरेसं नसतं, एका वाटेवर यावं लागतं. चूक दाखवलीस, आभार. भेटू पुढच्या भागात!