विसरण्याचा इतिहास आणि आपले बुजुर्ग

‘साठी बुद्धी नाठी’ असे आपण सहज बोलून जातो. त्यामुळे डिमेंशिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा मेंदूचा आजार घरातल्या घरात झाकला जातो.

विसरण्याकडे वैद्यकाचे लक्ष फार जुने आहे. दहाव्या शतकात कैरवानचे (आजचा ट्युनिशिया) हकीम इब्न अल-जज्जार यांनी विस्मरण आणि त्याचे उपचार यांवर स्वतंत्र रिसाला लिहिला. पुढे 1901 मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी 51 वर्षांच्या ऑगस्ट डेटर यांना तपासले. त्यांच्या आजाराची पहिली खूण होती नवऱ्यावरचा संशय. स्मृती गेल्याचे नंतर दिसले. स्वतःचे नावही त्यांना पुरते लिहिता आले नाही. 1910 मध्ये या आजाराला अल्झायमर हे नाव मिळाले.

1975 मध्ये अमेरिकेत फोल्स्टीन व सहकाऱ्यांनी एक छोटी चाचणी तयार केली. त्यात तारीख सांगा, वजाबाकी करा, वाचा, लिहा असे प्रश्न होते. पण जो कधी शाळेतच गेला नाही, तो ठणठणीत असूनही यात नापास होणार! म्हणून हरियाणातील बल्लभगढ येथे संशोधकांनी ती बदलली. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायचे, वाचण्याऐवजी समोरच्याची कृती करून दाखवायची. ही हिंदी चाचणी 1995 मध्ये प्रसिद्ध झाली.

डहाणू-तलासरीसाठी हा धडा मोलाचा आहे. 1945 मध्ये तलासरी तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. त्या काळात जन्मलेली पिढी आज ऐंशीच्या आसपास आहे. त्यांतील अनेकांनी शाळा पाहिलीच नाही. त्यांना आजची तारीख विचारून काय कळणार?

त्यांच्या रोजच्या कामाकडे पाहा. आयुष्यभर राब भाजलेल्या आजोबांना आता आधी काय, नंतर काय ते सुचत नाही. बोंबील सुकवणारी आजी ओळखीच्या वाटेवर चुकते. चाळीस वर्षांच्या नमाजीला वुजूचा क्रम आठवत नाही. रकातीची मोजणी एखाद्या वेळी कुणाचीही चुकते. ती खूण नव्हे. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, हिशोब न जमणे, पैसे चोरल्याचा आळ घेणे, शब्द न सापडणे, हे महिनोन्‌महिने वाढत गेले तर ती खूण आहे.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढील 7.4 टक्के भारतीयांना डिमेंशिया आहे, शहरांत 5.3, तर खेड्यांत 8.4 टक्के.

काय बदलले आणि कधीपासून, हे लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. थायरॉईड, बी-12 ची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही असेच दिसते आणि त्यावर इलाज आहे. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला तर मात्र त्याच दिवशी न्या.

आईवडिलांना ‘उफ’ म्हणू नये, हे आपण लहानपणापासून शिकतो. तोच प्रश्न दहाव्यांदा आला की त्याची कसोटी लागते.