फ्लेक्सवरच्या अक्षराचा तिरपा काप

रहाटणीहून काळेवाडीकडे निघा किंवा पिंपळे सौदागरकडे, रस्त्याच्या दोन्ही अंगाला अक्षरंच अक्षरं दिसतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा, मंडळाची महाआरती, नव्या गृहप्रकल्पातले फ्लॅट, मिसळ, क्लासेस, दशक्रिया विधी. बहुतेक सगळं फ्लेक्सवर छापलेलं. त्यातला एखादा ‘श्री’ जवळ जाऊन बघावा. दंडाचं टोक सरळ संपत नाही, तिरपं कापलेलं असतं. वेलांटी वळताना जाड होते आणि उतरताना बारीक. फ्लेक्स छापणाऱ्या यंत्राला या तिरपेपणाची काहीच गरज नाही. ते प्लॅस्टिकच्या कापडावर रंगाचे ठिपके फवारत जातं. सरळ काप काय आणि तिरपा काय, त्याला दोन्ही सारखे. संगणकालाही ती गरज नाही. तरी तो काप तिथे आहे, आणि तो तिथवर पोचायला काही शतकं लागली आहेत.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. बेकायदा फलकांची बाजू मला घ्यायची नाही. एप्रिल 2023 मध्ये याच पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत, किवळ्यात, होर्डिंग कोसळून पाच माणसं गेली. ते विसरून या विषयावर लिहिता येत नाही. पण फलक कुठे लावावा हा एक प्रश्न आणि त्यावरचं अक्षर कुठून आलं हा दुसरा. दुसऱ्याकडे आपण जवळजवळ बघतच नाही.

काप बोरूचा आहे. बोरू तासून त्याचं टोक तिरपं छाटायचं, ही लिहिण्याची पहिली क्रिया. देवनागरीसाठी हा काप रोमन सुलेखनातल्या निबेच्या उलट बाजूला असतो. असं टोक कागदावर एकाच कोनात धरून हात फिरवला, की अक्षर आपोआप कुठे जाड आणि कुठे बारीक होतं. ती नक्षी नाही. टोकाची रुंदी आणि हाताची दिशा यांचा तो हिशेब आहे. समर्थ रामदासांनी दासबोधातला एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला. बोरू, चाकू, शाई, कागद यांपासून ओळींमधल्या अंतरापर्यंत सगळं त्यात आहे, आणि सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा ही अपेक्षाही आहे. सतराव्या शतकातल्या एका संताला अक्षराच्या सातत्यावर एवढं बोलावंसं वाटलं, ही मला मराठी संस्कृतीतली फार मोठी गोष्ट वाटते. पोथीच्या त्या बाळबोध, म्हणजे देवनागरी, वळणाच्या शेजारीच दरबारी कामाची मोडी धावत होती. पोथी बाळबोधीत, हिशेब आणि पत्रं मोडीत.

मग छापणं आलं. 1805 साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. त्याच वर्षी तिकडे बंगालात, श्रीरामपूरला, विल्यम केरीचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांत, निघालं. पाच वर्षांनी आलेल्या त्याच्या शब्दकोशात मराठी शब्द मोडीत होते. पुढे छापील मराठीने बाळबोध धरली आणि मोडी कचेऱ्यांच्या दप्तरांत राहिली. एकमेकांत ओघळत जाणारी मोडी सुट्या खिळ्यांत पकडणं अवघड होतं, हे त्यामागचं एक मोठं कारण.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. शिळाछापात लेखक लिहितो आणि दगड ते उमटवतो, त्यामुळे बोरूचा हात तसाच्या तसा कागदावर येतो. पुढे कितीतरी दशकं पोथ्या शिळाछापावरच निघत राहिल्या, यात नवल नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्याला हाताचं वळण हवं होतं आणि दगड ते देत होता.

खिळ्याचं तसं नव्हतं. पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकायचा, त्या साच्यात शिशाचा रस ओतायचा. इथे कोरणाऱ्याच्या हातात बोरू नसतो, कानस आणि टोचा असतो. तिरपा काप आता आपोआप येत नाही. ठेवायचा की टाकायचा ते कोणीतरी ठरवावं लागतं. या कथेतली सगळ्यात निर्णायक जागा मला हीच वाटते. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहमने देवनागरी खिळे लहान आणि सुबक केले. त्याच छापखान्यात लहान वयात कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी 1864 मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या खिळ्यांचे ठसे कोरले राणोजी रावजी आरू यांनी. निर्णयसागरचं एखादं जुनं संस्कृत पुस्तक हाती आलं तर ‘क’चा गोल आणि ‘र’ची शेपटी नीट बघा. पोलादावर कानस चालवणाऱ्या माणसाने बोरूची चाल मनात धरून ठेवली होती, हे त्या वळणांत दिसतं. बोरू नसताना बोरूचा काप टिकला तो अशा कारागिरामुळे. जावजींचं नाव निदान छपाईच्या इतिहासात येतं. आरूंचं नाव मराठी शाळेतल्या मुलांना कोणी सांगत नाही, आणि ते सांगायला हवं.

खिळ्यांची दुसरी अडचण संख्येची. मराठी अक्षराला तीन मजले: मध्ये मूळ अक्षर, वर मात्रा-वेलांटी-रफार, खाली उकार. त्यात जोडाक्षरं. इंग्रजी जुळाऱ्याच्या केसमध्ये जेवढी घरं, त्याच्या कैक पट मराठी जुळाऱ्याला लागत. म्हणून टिळकांनी ‘केसरी’साठी खिळे कमी करण्याचा प्रयोग केला. सावरकरांनी ‘अ’चीच बाराखडी करून अि, अी, अु लिहावं असं सुचवलं. नंतर टंकलेखन यंत्र आणि लायनोटाइप आले. त्यांनी जोडाक्षरं मोडून हलन्त लावून शेजारी शेजारी बसवली. या खटपटींमागची तळमळ खरी होती, स्वस्त आणि वेगवान छपाईशिवाय वर्तमानपत्रं वाढली नसती. तरीही माझं मत असं, की या काळात यंत्राच्या मर्यादेची किंमत अक्षराने भरली. वर्तमानपत्रातला मजकूर सपाट, एकसुरी होत गेला.

हात तेव्हा दुसरीकडे जगत होता. कमल शेडगे (1935–2020) ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये अक्षरं रेखाटायचे, आणि मराठी नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी नाटकाच्या नावालाच चेहरा दिला. नाटक गंभीर आहे की फार्स, हे प्रेक्षकाला नाव वाचायच्या आधी अक्षराकडे बघून कळायचं. पिंपरी-चिंचवडमध्ये कारखाने उभे राहत होते तेव्हा गावोगावी दुकानांच्या पाट्या, मंडळांचे कापडी फलक आणि ट्रकांच्या मागचे मजकूर रंगवणारे पेंटर होते. त्यांचा चपटा ब्रश म्हणजे केसांचा बोरूच. ब्रशचं टोक रुंद, धरायचा कोन ठरलेला, म्हणून काप पुन्हा तिरपा. चाकणच्या रस्त्यावर मालट्रकांच्या पाठीवर हे अक्षर अजून भेटतं.

संगणक आला तेव्हा पुन्हा तीच कसोटी होती आणि या वेळी अक्षराच्या बाजूने उभा राहणारा माणूस तयार होता. र. कृ. जोशी (1936–2008) जाहिरातक्षेत्रातून आले, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवलं, अक्षरांतून कविता रचली. विंडोज 2000 बरोबर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. सरकारी कचेरीतला अर्ज असो की कारखान्यातली नोटीस, कित्येक वर्षं मराठी माणूस त्यांचंच अक्षर वाचत होता, आणि फार थोड्यांना ते माहीत होतं. जोशींचा आग्रह असा, की फॉन्ट करणाऱ्याने आधी हाताने लिहायला शिकावं. त्यांच्याच प्रभावात सुलेखनकार अच्युत पालव यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मोडीचा अभ्यास केला आणि देवनागरीची स्थिरता आणि मोडीची धाव एकत्र आणणारी मुक्तलिपी घडवली. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज फ्लेक्सवर ‘छत्रपती’ हा शब्द लांब फटकाऱ्यांत, वेगाने लिहिल्यासारखा दिसतो. शिशाच्या काळात मागे पडलेली मोडी अशा अक्षरांत पुन्हा रस्त्यावर आली आहे, असं मला वाटतं.

पुण्याचा वाटा इथे मोठा. 1988 मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचं काम पुढे नेलं. मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’ने डीटीपीवाल्यांच्या हाती शेकडो फॉन्ट दिले. श्री-देव आणि पुढे एक आकडा, एवढीच त्या फॉन्टांची ओळख. छापखान्यात जुळारी केसमधली घरं पाठ करायचा, तसे डीटीपी ऑपरेटर हे आकडे पाठ करत. 2000 नंतर फ्लेक्स छपाई स्वस्त झाली, पेंटरचा ब्रश सुटला आणि हेच फॉन्ट कोरल ड्रॉमधून दहा-वीस फुटांचे होऊन चौकात उभे राहिले.

इथे दोन जखमा झाल्या. पहिली ताणण्याची. नेत्याचं नाव फलकाच्या पूर्ण रुंदीत बसावं म्हणून अक्षर आडवं ओढलं जातं. उभे दंड फुगतात, आडव्या रेषा तेवढ्याच राहतात आणि बोरूचा सगळा हिशेब कोलमडतो. काप चुकीच्या कोनात जातो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण अक्षर बेढब वाटतं. पेंटरने हे कधी केलं नसतं. त्याला रुंद ‘म’ हवा असेल तर तो रुंद ‘म’ काढायचा.

दुसरी जखम मराठीपणाची. आपला ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने तीच रूपं मराठीसाठी ठरवून दिली. पण कित्येक फॉन्टांत हिंदी वळणाची रूपं आधी येतात आणि ऑपरेटर घाईत असतो. अर्ध्या ‘र’चंही तसंच. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक मराठी डोळ्याला लगेच दिसतो, तो फॉन्टालाही दाखवता यायला हवा. नव्या युनिकोड फॉन्टांत याची सोय करता येते: मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की मराठी ‘ल’ आणि ‘श’ आपोआप येतात. ती एक निवड करायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचं काम मला यासाठी महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या ‘मोदक’ फॉन्टात अक्षर इतकं गुबगुबीत केलं आहे, की आतली पोकळी केवळ एका बारीक रेघेपुरती उरते, तरी अक्षर वाचता येतं. ‘जैनी’ हा फॉन्ट कल्पसूत्राच्या 1503 सालच्या जैन हस्तलिखितावरून घडवलेला आहे. बोरूचा रुंद, ठसठशीत काप त्यात पाचशे वर्षांनी जसाच्या तसा भेटतो. आणि 2022 मध्ये आलेला ‘अनेक’. नऊ भारतीय लिप्या आणि रोमन अशा दहा लिप्यांसाठी तो केला आहे, आणि त्याची जाडी व रुंदी दोन्ही हव्या तशा बदलता येतात. अरुंद ‘म’ही आखलेला, रुंद ‘म’ही आखलेला, मधली रूपं संगणक त्या दोन टोकांवरून काढतो. नाव फलकभर पसरवायचं असेल तर अक्षर ओढावं लागत नाही. पेंटर जे ब्रशने करायचा तेच इथे गणिताने होतं.

हे सगळे फॉन्ट फुकट उतरवून घेता येतात. रहाटणीतल्या फ्लेक्सच्या दुकानात ते रुजायला मुख्य अडथळा आहे तो जुन्या फायलींचा: वर्षानुवर्षांचे शुभेच्छाफलक, निमंत्रणं, मंडळांच्या पावत्या जुन्या आकड्यांच्या फॉन्टांत साठवलेल्या आहेत. फाईल उघडून फॉन्ट बदलला की मजकुराचा रोमन अक्षरांचा काला होतो, म्हणून ऑपरेटर मागच्या वर्षीचीच फाईल उघडतो, नाव आणि फोटो बदलतो आणि छपाईला पाठवतो. त्या फायली युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं उपलब्ध आहेत. त्यांचं काम एखाद्या दुकानात दोन दिवस बसून दाखवणारा माणूस हवा आहे.